शिसवीची पट्टी

त्या दुपारी मुर्री गावातल्या घरी बाबूजी ओसरीत चुलीवर सरस गरम करत होते. मी गिटार मांडीवर घेऊन बसले होते. गोंदिया सोडून जाताना एका रेल्वे गार्डाने ती त्यांना दिली होती, माझ्या जन्माच्याही आधी. तारांच्या टोकांना असलेल्या पितळी गुंड्या आतल्या एका पट्टीला अडकतात. ती पट्टी पार झिजली होती. ताण दिला की गुंड्या भोकांतून वर यायच्या. जुनी पट्टी आम्ही सकाळीच काढली होती. आता शिसवीची नवी बसवायची होती.

"घाल वो हात, रविता. माहा पंजा जात नाही."

माझा हात गिटारच्या गोल भोकातून सहज जाई, म्हणून लहानपणापासून आतलं सगळं काम माझं. आरसा धरायचा, चाचपायचं, निसटलेली आधाराची काडी चिकटवायची. वाजवायला मात्र त्यांनी हेमेंद्रदादाला शिकवलं. त्याने दोन हिवाळे वाजवली आणि सोडली.

"दादाले बोलवा ना. गिटार त्याची आहे."

"त्याचा हात? गडव्यात तोंड अडकलेल्या बोक्यावानी होईल!" ते हसले. "तू घाबरून काऊन राहिली? लाव."

मी पट्टी लावली. ती दाबून धरायला त्यांनी शिकंजा आवळला. तेव्हाच विचारायचं ओठांवर आलं होतं.

"उद्या तारा लावू," ते म्हणाले. "हेमेंद्र आला का वाजवल."

मी सरसाचं भांडं चुलीवरून उतरवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते बांधीत धान पाहायला गेले आणि तिथेच कोसळले. चौघांनी खाटेवर घालून घरी आणलं, तेव्हा श्वास नव्हता.

तेरवी झाल्यावर दादा तिरोड्याला परत निघाला. तिथल्या पॉवर प्लांटमध्ये त्याची ड्युटी होती. गिटारकडे बघून म्हणाला, "भिंतीवर टांगून देतो. बाबूजीची निशानी."

"तारा लावायच्या आहेत."

"कोन वाजवणार आहे आता?"

मी शिकंजा सोडला. आत हात घातला. पट्टीच्या कडेला सरसाचा एक ओघळ पुसायचा राहिला होता, खडा झाला होता. एकेक तार ओवली, खुंट्या पिळत गेले. गुंड्या जागच्या हलल्या नाहीत.

"दे, सुरात लावतो," दादाने हात पुढे केला.

मी दिली नाही. ओसरीतल्या त्यांच्या रिकाम्या खाटेकडे तोंड करून बसले. डावी बोटं तारांवर ठेवली. कुठे दाबायचं ते मला ठाऊक नव्हतं.

"बाबूजी," मी म्हटलं, "मलेही शिकवा ना."