चार बोटं आत

मित्रांनो, ट्रकतळाच्या कुंपणापाशी गंजलेला पत्र्याचा डबा, त्याला दोन लहान चाकं आणि एक वाकडा दांडा असं काही पडलेलं दिसलं, तर मोडकी बाबागाडी समजून पुढे जाऊ नका. ती मी आहे. मी फक्कीची गाडी. फक्की म्हणजे मैदानावर रेषा आखायची चुन्याची पांढरी पूड. ती माझ्या पोटात भरायची आणि मला ढकलत न्यायचं, म्हणजे बुडाच्या फटीतून ती सांडत जाते आणि मागे रेषा उमटते. एकवीस वर्षं मी हेच काम केलं. शेवटी त्याच कामाने माझ्या माणसांचा घात केला, आणि ते मला कुणाला तरी सांगायचंच आहे.

माझा जन्म एका वेल्डिंगच्या दुकानात झाला. मला घडवणारा माणूस दिवसभर तिथे जाळ्या आणि फाटकं जोडायचा आणि सुटल्यावर फुटबॉल क्लबचं मैदान सांभाळायचा. सगळे त्यांना फक्कीकाका म्हणत. त्यांनी तेलाचा रिकामा डबा कापला, पाण्याच्या पाइपाचा दांडा लावला आणि स्वतःच्या मुलीच्या लहानपणच्या सायकलची दोन चाकं मला बसवली. मुलगी तेव्हा पाच वर्षांची होती. चाकं काढताना तिने रडून घर डोक्यावर घेतलं होतं. माझं चाक एका फेऱ्यात बरोबर एक मीटर जातं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

ती मुलगी पळायला लागली की कुणाच्या हाती लागायची नाही, म्हणून तिचं नाव भिंगरी पडलं. बारा वर्षांची झाल्यावर ती क्लबच्या मुलींच्या संघात खेळू लागली. डाव्या बाजूच्या रेषेला धरून ती धावायची. काका रेषेबाहेर उभे राहून ओरडायचे, "रेषा सोडू नकोस! रेषेपलीकडे बॉल गेला की थांब, उगाच दम घालवू नकोस!" ती अगदी तसंच करायची.

आमची लीग देशातली सगळ्यात खालची. आमच्या विभागात दहा संघ होते. प्रत्येकाने प्रत्येकाशी दोनदा खेळायचं, एकदा आपल्या मैदानावर आणि एकदा त्यांच्या. शेवटी जो पहिला येईल तो एकटाच वरच्या गटात जाणार. दुसऱ्याला काही नाही. शेवटचा आला तर त्याला खाली ढकलत नाहीत, कारण आमच्या खाली काही नव्हतंच. असे संघ हळूहळू आपोआपच बंद पडतात. एका वर्षी गोलरक्षक मिळत नाही, दुसऱ्या वर्षी बस मिळत नाही, आणि तिसऱ्या वर्षी वेळापत्रकात नावच नसतं.

आमच्या पोरी मात्र टिकल्या. भिंगरी पहाटे बेकरीत पाव भाजायची आणि दुपारी सरावाला यायची. गोलरक्षक एक शिंपीणबाई होती, दोन मुलांची आई. क्लबचे चिटणीस म्हणजे एक निवृत्त पोस्टमन. त्यांना सगळ्या पोरी आजोबा म्हणत. बाहेरगावचे संघ आले की म्हणायचे, "मैदान लहान दिसतंय हो, पण रेषा काय सुंदर!" तेव्हा काका माझ्या डब्यावर थाप मारायचे. मी फुगून जायचे.

मागच्या वर्षी नगर कार्यालयाचं पत्र आलं. मैदानाच्या जागी ट्रकतळ करायचं ठरलं होतं. आजोबांनी हातापाया पडून एक सवलत मिळवली. संघ या हंगामात वरच्या गटात गेला तर मैदान क्लबकडे राहील, नाहीतर हंगाम संपला की ट्रक येतील. त्या दिवसापासून पोरी जीव तोडून खेळल्या. अठरावा आणि शेवटचा सामना उरला तेव्हा आम्ही पहिले होतो आणि दुसऱ्या क्रमांकाचा संघ फक्त दोन गुणांनी मागे होता. सामना त्यांच्याशीच होता आणि आमच्याच मैदानावर. आम्हाला बरोबरी पुरे होती.

निर्णायक सामना म्हणून लीगने एक निरीक्षक पाठवला. आमच्या सामन्यांना कधी निरीक्षक येत नसे. पंच शिट्टी घेऊन यायचे, मैदानावर एक नजर टाकायचे आणि खेळ सुरू. हा गृहस्थ टेप घेऊन आला. त्याने गोलाकडची रेषा या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत मोजली. मग पुन्हा मोजली. मग आजोबांना बोलावलं.

"मैदानाची रुंदी कमीत कमी साठ मीटर लागते. ही सत्तावन्न मीटर नव्वद आहे."

"कसं शक्य आहे?" आजोबा म्हणाले. "क्लब काढला तेव्हा मी स्वतः साठ मोजलेत!"

काका खाली बसले. जमिनीवर हात टेकून म्हणाले, "साहेब, फक्कीने गवत जळतं. दर वर्षी त्याच जागी मारली की तिथे टक्कल पडतं. म्हणून मी हंगामाच्या सुरुवातीला दोन्ही बाजूंनी चार बोटं आत सरकायचो. जुन्या रेषेवर गवत यायचं."

"किती वर्षं?"

"पोर खेळायला लागली तेव्हापासून. चौदा."

"चौदा वर्षं चार-चार बोटं?" आजोबांनी कपाळाला हात लावला. "अरे माणसा, एकदा तरी टेप लावायचा होतास!"

काका दर वर्षी गेल्या वर्षीच्या रेषेवरून दोरी लावायचे. ती रेषा त्यांचीच होती, सरळ होती, मग तिच्यावर शंका कशाला घ्यायची?

आता माझं सांगते. मला हे माहीत होतं. गोलाकडच्या रेषेला माझ्या चाकाचे साठ फेरे व्हायचे. मग एकोणसाठ आणि थोडे झाले, मग एकोणसाठ, मग अठ्ठावन्न. मला कळत होतं आणि मी खूश होत होते. म्हातारी होत चालले होते, तेवढेच दोन फेरे वाचले असं मला वाटायचं. इतर वेळी ऊठसूट करकरणारं माझं चाक, नेमकं याबद्दल कधी करकरलं नाही.

निरीक्षक वाईट नव्हता. म्हणाला, "सामन्याला पाऊण तास आहे. तेवढ्यात रेषा साठवर न्या. नाही जमलं तर सामना त्यांना देऊन टाकावा लागेल."

मग जी धावपळ झाली ती आठवली तरी माझा पत्रा थरथरतो. पोरींनी कोपऱ्यांचे झेंडे उपटले. बादल्यांनी पाणी ओतून आणि झाडूंनी घासून जुन्या रेषा पुसल्या. काकांनी मला भरलं आणि ढकललं, आणि माझं डावं चाक अडकलं. काका मला लाथ मारत होते, विनवत होते, पुन्हा लाथ मारत होते. शिंपीणबाई हातमोजे घालून धावत आली. तिच्या पिशवीत शिलाई मशीनच्या तेलाची कुपी होती. "काका, सरका!" म्हणत तिने सगळी कुपी माझ्या चाकात रिकामी केली. मी सुटले. काका मला पळतच ढकलत होते, रेषा नागमोडी जात होती, पण जात होती. पंचांनी शिट्टी ओठाला लावली तेव्हा शेवटचा कोपरा पुरा झाला. निरीक्षकाने मान डोलावली. मला वाटलं, वाचलो.

जुन्या रेषेचा पांढरा रंग गेला होता. पण वर्षभर जळलेलं गवत एका पाण्यात कसं उगवणार? नव्या रेषेच्या आत एक मीटरवर उघड्या मातीचा पट्टा तसाच राहिला होता, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

एक-एक अशी बरोबरी होती. तीन मिनिटं उरली होती. काका माझा दांडा धरून बाहेर उभे होते आणि तोंडाने सारखं "पुरे, पुरे, एवढंच पुरे" म्हणत होते. समोरच्या संघातल्या एका खेळाडूने बॉल लांब आमच्या डाव्या बाजूला मारला. भिंगरी त्याच्यामागे धावली. ती पोचलीच असती. बॉल त्या मातीच्या पट्ट्यावरून पलीकडे गेला आणि भिंगरी थांबली. थांबून तिने थ्रो मागायला हात वर केला. चौदा वर्षं ती तिथेच थांबत आली होती.

रेषेवरच्या पंचांचा झेंडा वर गेला नाही. बॉल अजून मैदानातच होता. समोरची मुलगी तिच्या शेजारून गेली, तिने बॉल घेतला आणि सरळ गोलात मारला. शिंपीणबाईने उडी मारली, पण हात पोचला नाही. दोन-एकने आम्ही हरलो.

सामना संपल्यावर भिंगरी बराच वेळ त्या पट्ट्यावरच बसून होती. काका मला ढकलत तिच्याजवळ गेले. ती म्हणाली, "बाबा, मी आपल्या रेषेवर थांबले."

"हो गं," काका म्हणाले. "मीच सांगितलं होतं ना."

दोघं एकमेकांना धरून रडले. मला रडता येत नाही. माझ्या पोटातली उरलेली फक्की तेवढी गळत राहिली.

ट्रक सोमवारी येणार होते. रविवारी सकाळी काकांनी मला बाहेर काढलं. बरोबर भिंगरी होती आणि तिच्या हातात नवा टेप. तिने एक टोक धरलं, काकांनी दुसरं. खेळायला कुणी येणार नव्हतं, तरी त्यांनी पूर्ण मैदान नव्याने आखलं. कोपरे, मधलं वर्तुळ, सगळं. गोलाकडच्या रेषेवर मी फेरे मोजत गेले. शेवटचा फेरा नेमका कोपऱ्याच्या झेंड्यापाशी संपला. साठ. मग काकांनी मला कुंपणाशी टेकवलं आणि दांड्यावरून हात फिरवला. पुन्हा ते आले नाहीत. दुसऱ्या दिवशी पहिल्या ट्रकने त्या रेषा दुपारपर्यंत पुसून टाकल्या.

मित्रांनो, ज्या गोष्टीवर तुमचं प्रेम आहे तिला वर्षातून एकदा तरी टेप लावा, रेषा स्वतःच्या हातची असली तरी. आणि मोजताना एखादा फेरा कमी भरला, तर माझ्यासारखं मनात खूश होऊन गप्प बसू नका. लगेच सांगा. फेरा एकच कमी असतो तेव्हाच सांगा.