काटा वर चढेना

झ्लातारच्या घाटात हिवाळ्यात इंजिन तापेना म्हणून कोणी रडत बसत नाही. रेडिएटरपुढे पुठ्ठा लावायचा आणि निघायचं. विटोमिरनेही लावला होता, बिस्किटांच्या खोक्याचा, दोरीने करकचून बांधून. तरी तापमानाचा काटा तळाशी जो ठाण मांडून बसला तो हलेना.

विटोमिर चौऱ्याहत्तर वर्षांचा. चाळीस वर्षं याच घाटात लाकडाचे ट्रक हाकलेला गडी, पण या चार दिवसांत त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. बायकोला, मिलुंकाला, आठवड्यातून तीनदा घाट उतरून डायलिसिसला न्यावं लागे. इस्पितळाची गाडी हिवाळ्यात त्यांच्या वाडीपर्यंत चढत नसे. शनिवारी अर्ध्या वाटेत काच आतून गोठली, हीटरमधून गार वारं येत राहिलं, आणि समोरचा ट्रक हातभर अंतरावरून निघून गेला. विटोमिरने गाडी माघारी वळवली. ती पाळी चुकली. आज मंगळवार. मिलुंकाच्या सुजलेल्या पायांत बूट चढत नव्हते आणि दोन पायऱ्यांतच तिला धाप लागत होती. आजची पाळी एकची. ‘आज काहीही करून या,’ एवढंच डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या. पुढचं त्या बोलल्या नाहीत, पण विटोमिरला ते ऐकू आलं.

गाडी आदल्या दिवसापासूनच एश्रेफच्या दारात उभी होती. एश्रेफ वाडीतला एकुलता एक मेकॅनिक. तोंडाने फटकळ, हाताने सोनं. पार गार पडलेलं इंजिन हवं, असं त्यानेच सांगितलं होतं. सकाळी नऊला त्याने इंजिनावरचं झाकण उघडलं. मिलुंका आत शेगडीजवळ घोंगडी पांघरून बसली होती.

“पाणी पुरेपूर आहे,” एश्रेफ म्हणाला. “काटाच खोटा बोलतोय म्हणावं, तर हीटरही गार. दोघं मिळून कशाला खोटं बोलतील? चालू कर, काका.”

विटोमिरने किल्ली फिरवली. एश्रेफने रेडिएटरकडे जाणाऱ्या वरच्या जाड नळीवर हात ठेवला. विटोमिर घड्याळाकडे बघत होता.

“इकडे ये. हात ठेव. काय लागतंय?”

“कोमट.”

“हेच चुकतंय. आत थर्मोस्टॅट धड असता, तर इंजिन चांगलं तापेपर्यंत ही नळी थंडगार राहिली असती. तो दारावरचा राखणदार. पाणी गरम झाल्याशिवाय बाहेर सोडत नाही. तुझ्या दारावर कोणी नाहीच. पाणी आपलं सुरुवातीपासून गावभर हिंडतंय, ते तापणार कधी? पुढे पुठ्ठा लाव नाहीतर गादी लाव.”

त्याने इंजिन बंद केलं, दोन बोल्ट सोडवले, टोपण उचललं. आत मोकळी जागा.

“झालं,” एश्रेफ म्हणाला. “उन्हाळ्यात घाट चढताना गाडी तापली की आपले शहाणे तो उपटून फेकतात. मग जानेवारीत येतात माझ्या नावाने बोंबलत.”

“माझ्या गाडीला मी कोणाला हात लावू देत नाही,” विटोमिर तडकला. “जावई आला होता ऑगस्टात. त्याचेच धंदे. मेला सगळ्यात नाक खुपसतो.”

“त्या बिचाऱ्याला कशाला शिव्या देतोस?” मिलुंका आतून म्हणाली. “तूच काढलास की. वाफ निघाली तेव्हा. मी तुझ्या डोक्यावर छत्री धरून उभी होते. ‘हे असलं लोढणं आमच्या ट्रकला नव्हतं,’ म्हणालास आणि दिलास दरीत भिरकावून.”

विटोमिरने आठवून पाहिलं. छत्री नाही, वाफ नाही, दरी नाही. ऑगस्टच्या जागी काही म्हणजे काहीच नव्हतं.

“हो, हो,” तो हसला. “राहिलं ध्यानातून.”

मिलुंकाने त्याच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

एश्रेफने भंगारातून एक जुना थर्मोस्टॅट शोधला, कॉफीच्या भांड्यात टाकून शेगडीवर उकळला. पाणी खळखळलं तशी त्याची झडप हळूच उघडली. “जित्ता आहे,” म्हणत त्याने तो बसवला. अर्ध्या तासात काटा मधोमध आला आणि हीटरमधून गरम वारं सुटलं. साडेअकराला दोघं निघाले. घाट तासाभराचा, वेळ हाताशी होता. विटोमिरला हायसं वाटायला हवं होतं, पण त्याच्या डोक्यातून ती छत्री जात नव्हती.

या हिवाळ्यात पहिल्यांदाच गाडी उबदार झाली. मिलुंकाने हातमोजे काढले, मफलर सैल केला, आणि दुसऱ्याच वळणावर तिचा डोळा लागला. एरवी थंडीने कुडकुडत ती सगळ्या वाटेवर बडबड करायची. झोपू दे बिचारीला, असं वाटून विटोमिरने रेडिओही लावला नाही.

घाट संपला, रस्त्याला फाटा फुटला. पाटीवर बर्फ थापलेलं. विटोमिरचा पाय ब्रेकवर गेला. डावीकडे पूल होता, उजवीकडे पॉपलरच्या झाडांची रांग. दोन्ही ओळखीचं वाटत होतं, आणि इस्पितळ कुठल्या बाजूला ते त्याला सांगता येईना. दोन वर्षं, आठवड्यातून तीनदा तो इथून वळत होता. तेव्हा कुठे त्याच्या लक्षात आलं की दरवेळी इथे आल्यावर मिलुंका बोलायची. ‘आता डावीकडे घे, म्हाताऱ्या, सावकाश.’ त्यावर तो खेकसायचा, मला शिकवतेस का म्हणून. आज ती झोपली होती.

मागच्या ट्रकने भोंगा वाजवला. विटोमिरने मिलुंकाच्या गुडघ्यावर हात ठेवला.

“मिलुंका, डावीकडे की उजवीकडे?”

तिने डोळे उघडले. आधी रस्त्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. तिला नवल वाटलेलं दिसलं नाही.

“डावीकडे.”

त्याने गाडी वळवली. मिलुंकाने आपल्या बाजूची काच चार बोटं खाली घेतली. बर्फाचं वारं आत शिरलं.

“अगं, गारठशील.”

“गारठू दे,” ती म्हणाली आणि ताठ बसली. “ऊब लागली की झोप येते मला. पुढे पेट्रोलपंप लागेल, तिथून उजवीकडे.”