चार हजार चोची

कोंबड्यांची नवीन पिल्लं शेडवर आली, की प्रत्येकाची चोच एकदा पाण्यात बुडवायची, म्हणजे पाणी कुठे आहे ते त्याला कळतं. चार हजार पिल्लं, चार हजार चोची! हे काम ताई कुणाला करू द्यायची नाही. हातमोजे घातले की पिल्लू बिचकतं, असा तिचा हट्ट. यंदा जाळीने अंगठा कापला, तरी बाईसाहेब चिंधी गुंडाळून बसल्याच. त्या पाण्यात पहिल्या दिवसापासून औषध असायचं. पिल्लं आजारी पडली म्हणून नव्हे, पडू नयेत म्हणून.

आठवड्याभरात ताई तापाने फणफणली. हात कोपरापर्यंत सुजला. हॉस्पिटलात तीन औषधं बदलून झाली, ताप हटेना. मग लॅबचा रिपोर्ट आला.

"हे जंतू यातल्या एकाही औषधाला जुमानत नाहीत," डॉक्टरीणबाई ताईच्या धाकट्या भावाला म्हणाल्या. "आता कोलिस्टिन उरलंय. तुम्ही कोंबड्यांना ते देत नाही ना? देत असाल, तर जंतूंना त्याचीही सवय झालेली असणार."

धाकट्याच्या तोंडचं पाणी पळालं. तेच तर देत होते, बंदी असूनही. पण खरं सांगितलं तर तपासणी येणार, शेडला टाळं लागणार. आणि ते शेड ताईने लग्नबिग्न बाजूला ठेवून, हाडाची काडं करून उभं केलेलं. बरी होऊन तिने बघायचं काय, टाळं?

"छे हो! नुसती व्हिटॅमिनं," तो म्हणाला.

दोन दिवस कोलिस्टिनच्या बाटल्या चढत राहिल्या. ताप तसूभर उतरला नाही. तिसऱ्या सकाळी त्याला राहवेना. लाज गिळून त्याने सगळं सांगितलं.

डॉक्टरीणबाई संतापल्या. "दोन दिवस फुकट घालवलेत! एकट्या कोलिस्टिनवर न थांबता दोन-तीन औषधं एकत्र परवाच सुरू केली असती मी." नर्सला भराभर सूचना देऊन त्या त्याच्याकडे वळल्या. "ॲडमिट करताना ताईंनाही विचारलं होतं, कोंबड्यांना काय देता म्हणून. त्याही म्हणाल्या, नुसती व्हिटॅमिनं."

तो खाटेपाशी गेला. ताईने मोठ्या कष्टाने डोळे उघडले.

"सांगितलंस?"

"हो."

"वेडा रे वेडा," ती पुटपुटली. "आता शेड बंद करतील. तू खाशील काय?"