मरणाऱ्याचा प्रश्न

दीपमालानं पुठ्ठ्याचा आडोसा टेबलावरून उचलला, त्याच्या घड्या नीट मिटल्या आणि तो आमरीनच्या पुढ्यात ठेवण्याऐवजी स्वतःच्या पिशवीत घातला.

"हा कंपनीचा आहे," ती म्हणाली. "त्यावर त्यांचं चिन्ह आहे. तुझ्या खेळात कशाला?"

आवाज चढला नव्हता, तरी चहाचे कप मांडणारा शिवराज थांबला. दर रविवारी दुपारी खेळ त्याच्याच घरी, पुंडलिकनगरातल्या फ्लॅटमध्ये चालायचा. तो आत गेला आणि त्याच्या मोबाइलच्या दुकानातला एक रिकामा खोका घेऊन आला. आमरीननं खोका आडवा ठेवला, त्यामागं बसून ती वरून डोकावली आणि आपण दिसतोय का, असं तिनं विचारलं. संघपाल हसला. आमरीन बोलण्याआधीच तो हसायच्या तयारीत असतो, हे दीपमालाला अलीकडं दिसायला लागलं होतं. शिवराज चहाचा पहिला कपही आता आमरीनकडंच सरकवायचा, तिच्यासाठी मुद्दाम बिनआल्याचा.

खेळ म्हटला तर साधा. पट नाही, सोंगट्या नाहीत. एक जण सूत्रधार होऊन आडोशामागून गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात, आणि कुठं अडलं की वीस बाजूंचा फासा टाकतात. पडलेल्या आकड्याचा अर्थ काय, ते नियमांच्या पुस्तकावरून ठरतं. पुस्तक परदेशातल्या एका कंपनीचं होतं, जाडजूड, इंग्रजी. दीपमालानं ते पहिल्या पगारातून मागवलं होतं, आणि गेली सात वर्षं या टेबलावर तीच सूत्रधार होती. बाकीच्यांनी पुस्तक कधी उघडलं नव्हतं. गरजच पडली नव्हती. अडलं की सगळे तिच्याकडं बघत, आणि ती सांगे तो नियम.

हिवाळ्यात कंपनीनं परवान्याच्या अटी बदलल्या. तोवर तिच्या नियमांवर कुणीही आपली गोष्ट रचावी, छापावी, विकावी, अशी मोकळीक होती. आता जे रचाल ते आम्हाला कळवा, आणि आम्हाला वाटलं तर आम्ही ते फुकट वापरू, असं कंपनी म्हणू लागली. जगभरचे खेळाडू चिडले. पाचोडच्या संघपालनं त्याच दिवशी कंपनीची वर्गणी बंद केली. आपण रचायचं आन् मालक ते, हे लई झालं, असं त्याचं म्हणणं. दीपमाला एकटीच कंपनीच्या बाजूनं बोलली. वकिलांची भाषा तशीच असते, त्याच नियमांनी आपल्याला इतकी वर्षं खेळवलं, असं काहीबाही. ताईला कंपनी पगार देती का काय, असं संघपालनं विचारलं, तेव्हा सगळ्यांबरोबर तीही हसली होती.

आणि मग पैठणहून एस.टी.नं येणारी, टेबलावर सगळ्यांत नवी असलेली आमरीन एका रविवारी कागदांचा गठ्ठा घेऊन आली. जमीनमोजणीच्या कार्यालयात ती नकाशे काढायची. अक्षरही तसंच, आखून दिल्यासारखं. कंपनीचं काहीही न घेता तिनं नवे नियम लिहिले होते, तेही मराठीत, आणि ते छापून कुणालाही फुकट द्यायचा तिचा विचार होता. आज त्यांचा पहिला, कच्चा खेळ होता. नियम तिचे, म्हणून आडोशामागं तीच. पटले तर यापुढं दर रविवारी तीच.

दीपमालानं ती पानं आठवडाभर वाचली होती. वाळूजच्या औषधांच्या कारखान्यात ती नमुने तपासायची. स्वच्छ दिसणाऱ्या भुकटीत परकं काय मिसळलंय, ते शोधणं हेच तिचं काम. पानं चांगली होती. वाचताना दोनदा तिला हसू आलं आणि आल्याबद्दल स्वतःचाच राग आला. अगदी शेवटाकडं तिला हवं ते सापडलं.

"सुरू करायच्या आधी एक," ती म्हणाली. "मरणाऱ्याचा प्रश्न. हा नियम कंपनीचा आहे."

नियम असा, की गोष्टीतलं आपलं माणूस मेलं, तर शेवटच्या श्वासाआधी त्याला एक प्रश्न विचारता येतो, आणि सूत्रधारानं त्याचं खरं उत्तर द्यायचं. या टेबलावर तो इतका मुरला होता, की कुणी कोसळलं की खोलीत आपोआप शांतता व्हायची.

आमरीनच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. ते गेलेलं दीपमालानं पाहिलं आणि कप उचलून चहाचा एक घोट घेतला.

"कुठल्या पानावर आहे?" शिवराजनं विचारलं. शंका म्हणून नव्हे, नुसतंच.

तिनं पुस्तक उघडलं. मृत्यूचं प्रकरण कुठं आहे ते तिच्या बोटांना पाठ होतं. तिनं पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं. मग सूची काढली आणि पुन्हा प्रकरणावर आली, या खेपेला ओळीखाली बोट धरून. जखमा होत्या, विष होतं, बुडून मरणं होतं. प्रश्न नव्हता.

बोट एका ओळीवर थांबलं. याच टेबलावर, पहिल्याच वर्षी, संघपालचा स्वार खिंडीत पडला होता. एवढा दाढीवाला माणूस, पण गप्प झाला होता आणि फासा उगाच फिरवत बसला होता. तेव्हा पुस्तकाकडं न बघताच ती म्हणाली होती, पुस्तकात आहे, तुला एक प्रश्न विचारता येतो. माझा घोडा घरी पोचला का, असं त्यानं विचारलं होतं. पोचला, ती म्हणाली होती. नंतर ती ते इतक्यांदा सांगत गेली, की पुस्तकात आहे हे तिलाही खरं वाटू लागलं होतं.

तिघंही तिच्या बोटाकडं बघत होती.

"आहे," दीपमाला म्हणाली. "मृत्यूच्या प्रकरणात." आणि पुस्तक मिटलं.

पान दाखव, असं कुणी म्हटलं नाही. कधीच म्हटलं नव्हतं.

"मला वाटलं, हा तुमचा आहे, ताई," आमरीन म्हणाली. "म्हणूनच घेतला होता. पहिल्या पानावर तसं लिहिणार होते, की एवढा एक नियम दीपमालाताईंचा. कंपनीचा असंल तर नक्को."

तिनं ते पान काढलं, पट्टी ठेवली आणि नियमाच्या प्रत्येक ओळीवरून एकेक सरळ रेघ मारली. दीपमाला पट्टीकडं बघत राहिली. ओळी पुष्कळ होत्या. थांब म्हणायला वेळही पुष्कळ होता.

"म्हंजे माझा घोडा पण कंपनीनंच घरी पोचवला म्हणा," संघपाल म्हणाला.

मग खेळ सुरू झाला. इतक्या वर्षांत दीपमाला पहिल्यांदाच आडोशाच्या अलीकडं बसली होती. ती नावाडीण झाली होती. आमरीननं नदीला पूर आणला, आणि तोही कसा, की शिवराजनं नकळत पाय वर घेतले. नाव मध्यावर आली तेव्हा दोर तुटला. दीपमालानं फासा टाकला. तो घरंगळत खोक्यापर्यंत गेला आणि तीनवर थांबला; नावाडीण बुडाली.

खोलीत शांतता झाली.

"इचार ना ताई, शेवटचं," संघपाल सवयीनं बोलून गेला, आणि मग त्यानं मान खाली घातली.

आमरीन खोक्यावरून तिच्याकडं बघत होती. "आज कच्चाच खेळ आहे," ती हळूच म्हणाली. "विचारा, ताई. कंपनी काय ऐकायलीय का?"

आजवर दीपमालानं या टेबलावर नुसती उत्तरं दिली होती. प्रश्न तिच्याजवळ तयार होता, एवढासा, घोड्याच्या प्रश्नाएवढा. तिनं ओठ उघडले, मग मांडीवरचं पुस्तक दोन्ही हातांनी सारखं केलं.

"नको," ती म्हणाली. "नियमात नाही."

आमरीननं फासा उचलला आणि संघपालकडं सरकवला.