चतुराची कात

“गोगलगाय कुठाय?”

बाईंनी विचारलं, तशी मुलं एकमेकांकडे बघू लागली. ओढ्याच्या पाण्याने भरलेल्या बरण्या गवतावर मांडलेल्या होत्या, भिंगं या हातातून त्या हातात फिरत होती. नेहमी सगळ्यांच्या मागे रेंगाळणारी, म्हणून गोगलगाय नाव पडलेली ती पोरगी तेवढी दिसत नव्हती.

“डोहापाशी होती की मघाशी!” कुणीतरी म्हणालं.

डोह म्हणताच बाई तिकडे वळल्या.

आठवडाभर त्या शाळेत विज्ञान शिकवत, पण जीव अडकलेला रविवारच्या या निसर्गमंडळात. घरी वाट बघणारं कुणी नव्हतं. “पाण्याजवळ कशाला नेता पोरांना? वर्गात होत नाही का विज्ञान?” मुख्याध्यापिका म्हणत. “वर्गात बेडूक येत नाहीत ना,” असं म्हणून बाई हसण्यावारी नेत.

बरण्यांची पिशवी उचलायला गोगलगायीचे आजोबा आज सोबत आले होते. आईबाप गेल्यापासून नातीला त्यांनीच वाढवलेलं. डोह ऐकताच त्यांनी चपला काढल्या आणि काठी घेऊन सरळ डोहात उतरले.

“आजोबा, थांबा! आधी झाडीत बघू!”

“तुम्ही झाडीत बघा, बाई. मी इथं बघतो.”

मुलांना एकमेकांचे हात धरायला लावून एका जागी बसवलं आणि बाई काठाने धावत सुटल्या. हाका मारून मारून घसा बसला. प्रत्येक गोष्टीला पुरावा मागा, असं मुलांना शिकवणाऱ्या बाई देवाच्या विनवण्या करू लागल्या.

वळणापलीकडे, लव्हाळ्यात ती उकिडवी बसली होती.

बाईंचा हात कधी उठला, ते त्यांनाच कळलं नाही. आजवर एकाही मुलावर तो उठला नव्हता.

पोरगी रडली नाही. गाल धरून, लव्हाळ्याच्या पात्याला चिकटलेल्या किड्याकडे बघत कुजबुजली, “बाई, हळू ना. चतुर कात टाकतोय. धक्का लागला तर पंख वाकडे होतात, तुम्हीच म्हणालात.”

“हाका ऐकू नाही आल्या?” बाईंचा नुसता श्वास बोलला.

“आल्या. पण ओ दिली असती तर तो पडला असता.”

बाईंनी तिला उचललं. लव्हाळ्याला हिसका बसला, चतुर पाण्यात पडला, आणि आता मात्र पोरीने भोकाड पसरलं. तिला तशीच कडेवर घेऊन बाई डोहाकडे धावल्या.

आजोबा छातीभर पाण्यात, पाठमोरे होते. बाईंनी तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. नातीचं रडणंच त्यांच्या कानी पडलं. ते वळले. बघत राहिले. पाय मात्र उचलेनात.

पोरीला काठावर ठेवून बाई कपड्यांसकट पाण्यात शिरल्या. त्यांनी आजोबांचा हात धरला. मूठ घट्ट मिटलेली होती, आणि तीत तळातून उपटलेलं शेवाळ होतं. काळं, केसांसारखं लांब.

बाईंनी त्यांचं एकेक बोट उघडलं आणि ते शेवाळ पाण्यात सोडून दिलं.