उलटे पंखे

मयुरेशला त्याच हॉलमध्ये, त्याच माईकवर, त्याच लोकांसमोर ‘मी चुकलो’ म्हणायला लावायचं, एवढ्या एका गोष्टीसाठी मी वर्षभर प्लास्टिकचं जहाज बांधलं. वय त्रेसष्ट, दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झालेली, आणि त्याआधी आयुष्यात मी साधं पतंगाला शेपूटसुद्धा चिकटवलेलं नव्हतं. पण राग असला की माणूस काहीही शिकतो. मी शिकले.

जहाज आमच्या ह्यांचं. दिवाकर नाशिकमध्येच, अंबडच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. रिटायर झाल्यावर बाकीचे लोक सकाळी फिरायला जातात, हे मागच्या खोलीत जाऊन बसायचे. जहाजाचं नाव यामातो, जपान्यांची युद्धनौका. खऱ्यापेक्षा दोनशे पट लहान, तरी लांबी चार फुटांच्या वर. माझ्या माहेरून आलेलं जेवणाचं टेबल त्या जहाजाने कायमचं बळकावलं आणि आम्ही दोघं ताटं मांडीवर घेऊन जेवायला लागलो. मी कुरकुर करायचे. हे म्हणायचे, “अगं, पूर्ण झालं की टेबल तुझं.”

नाशिकमध्ये अशी मॉडेल करणाऱ्यांचा एक क्लब आहे. दर जानेवारीत गंगापूर रोडवरच्या एका मंगल कार्यालयात त्यांचं प्रदर्शन भरतं. दोन वर्षांपूर्वी हे आपलं अर्धवट जहाज घेऊन तिथे गेले. वरचं काम बाकी होतं, पण खालचा सांगाडा तयार होता. परीक्षक होता मयुरेश.

हा मयुरेश वणीचा. इंजिनिअरिंग करून नाशिकला नोकरीला आला तेव्हा बावीस वर्षांचा होता, आणि ब्रश कसा धरायचा हे ह्यांच्याकडून शिकला. दर गुरुवारी माझ्या हातची साबुदाण्याची खिचडी खायचा, वर दही मागून घ्यायचा. आता क्लबचा अध्यक्ष झालेला. एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात माईक.

जहाजाच्या मागच्या टोकाला, पाण्याखाली, पंखे असतात. ह्या जहाजाला चार. दोन डावीकडे, दोन उजवीकडे. तुमच्या-माझ्या डोळ्यांना चारही सारखेच दिसतात, पण डावीकडच्यांची पाती एका अंगाला वळलेली असतात आणि उजवीकडच्यांची दुसऱ्या. मयुरेशने वाकून टॉर्च मारला आणि माईकवर म्हणाला, “काका, पंखे सगळे उलटे! हे जहाज लढाईला निघालं तर मागे मागे घरी येईल!”

साठ माणसं हसली. खो खो हसली. एकाने तर टेबलावर थाप मारली.

ह्यांनी वाकून एकदा पंखे बघितले. मग वळून माझ्याकडे बघितलं. मी दुसऱ्या रांगेत बसले होते. मग मान खाली घालून म्हणाले, “हो. चुकलंच माझं.” ती नजर मी विसरले नाही. चाळीस वर्षांच्या संसारात हा माणूस माझ्यासमोर असा कधी खाली बघत उभा राहिला नव्हता. त्या दिवशी मी मयुरेशला मनात ज्या शिव्या घातल्या, त्या मला येतात हे मलाच माहीत नव्हतं.

घरी आल्यावर ह्यांनी जहाज खोक्यात घातलं, खोकं माळ्यावर टाकलं आणि मला टेबल परत दिलं. आठ महिन्यांनी, सप्टेंबरात, सकाळचा चहा घेता घेता गेले. मुलगी यशश्री फोनवर मला समजावत राहिली, “आई, बाबांना अ‍ॅटॅक आला. कोणी हसलं म्हणून अ‍ॅटॅक येत नाही.” तिला काय कळतंय! तेराव्याला मयुरेश आला, तेव्हा मी त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही. तो दहा मिनिटं दाराजवळ उभा राहिला आणि गेला.

सामान आवरताना ह्यांची निळी वही सापडली. रोज काय केलं ते तारीखवार लिहिलेलं. पहिल्या पानावर नियम, आणि पहिलाच नियम: ‘फेविक्विक या खोलीत आणायचं नाही. सुकताना भोवती पांढरं धरतं. फक्त प्लास्टिक जोडायचं पातळ सिमेंट वापरायचं, ब्रशने.’ पुढे, प्रदर्शनाच्या आधीच्या ऑक्टोबरात, तीन तारखेला: ‘पंखे बसवले. डावे-उजवे दोनदा तपासले.’ आणि अगदी शेवटी, प्रदर्शनाच्या दुसऱ्या दिवशी: ‘पंखे: चूक माझी. आता हात लावायचा नाही.’ त्यापुढे वही कोरी.

माझं डोकं फिरलं. हा माणूस गॅसचं बटण दोनदा बघायचा, कुलूप तीनदा ओढायचा. त्याने दोनदा तपासले म्हणजे पंखे बरोबरच असणार. म्हणजे मयुरेशने चुकीचं बोलून ह्यांना इतकं खचवलं, की ह्यांचा स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास उडाला. मग मी ठरवलं. जहाज पूर्ण करायचं. पंखे आहेत तसेच ठेवायचे. आणि मयुरेशने पुन्हा टॉर्च मारला की वही आणि जहाजाच्या भागांसोबत आलेला कंपनीचा नकाशा त्याच्या तोंडावर मारायचा. नकाशा उघडून आधी आपणच बघावं, असं मला एकदाही वाटलं नाही. त्या पोराच्या शब्दावरून मी माझ्या नवऱ्याला तपासू?

खोकं माळ्यावरून उतरलं. टेबल पुन्हा गेलं.

दुपारी दोन ते पाच मी काम करायचे. आमचं घर द्वारका चौकाजवळ, हायवेला लागून. ट्रक गेला की खिडक्या थरथरतात, म्हणून दोन्ही कोपरं टेबलावर रोवायची, ट्रक जाऊ द्यायचा, मग ब्रश टेकवायचा. पहिल्या महिन्यात मी सहा तोफा वाकड्या चिकटवल्या आणि सहाही उपटून पुन्हा लावल्या. कठडे इतके बारीक, की एक श्वासाने उडाला आणि तीन दिवसांनी माझ्या अंबाड्यात सापडला. डोलकाठीच्या दोऱ्या खऱ्या दोऱ्याच्या करायच्या नसतात. भाग ज्या चौकटीला जोडून येतात, तिचा उरलेला तुकडा ज्योतीवर धरून ओढायचा, केसासारखी तार निघते. मेणबत्तीने ती काळी व्हायची. मग मी देवघरातलं निरांजन घेतलं. माझे सासरे पंचवटीत यजमानांची पूजा सांगायचे, लग्न झाल्यापासून मी हजारो वस्त्रं आणि वाती वळल्या. कापूस किती ओढला की तुटतो, हे माझ्या बोटांना माहीत आहे. प्लास्टिक फार वेगळं नाही निघालं.

प्रत्येक तार ओढताना मी मयुरेशचा चेहरा डोळ्यांसमोर आणायचे. तो माईक हातात धरून कसा चाचरेल, कपाळाला कसा घाम येईल, ते सगळं मी इतक्या वेळा रंगवलं होतं की मला ते पाठ झालं होतं. खोटं कशाला बोलू, ते वर्ष मला सुखाचं गेलं.

जानेवारीचा पहिला आठवडा आला. वरचं सगळं झालं. राहिला फक्त तळाचा तांबडा रंग, त्यासाठी जहाज उलटं करायला हवं होतं. कामाला येणाऱ्या लताबाईला हाताशी घेतलं. आम्ही दोन गोधड्या अंथरल्या आणि जहाज पालथं केलं. खिडकीतून ऊन थेट मागच्या टोकावर पडलं.

चारही पंख्यांच्या बुडाशी पांढरं धरलेलं होतं.

मला काय वाटलं सांगू? आनंद झाला. मी टाळीच वाजवली. “लताबाई, बघ! ह्याने मुद्दाम केलं! त्या मयुरेशने हॉलमध्ये पंखे काढून उलटे चिकटवले, फेविक्विकने! साहेब फेविक्विकला हात लावत नव्हते!”

लताबाईने कंबरेवर हात ठेवले. “ताई, मयुरेशदादा कशाला येतोय? तुम्हीच नाय का खंडेनवमीला मला दुकानात पळवलं? म्हणल्या, पळ, फेविक्विक आण, साहेब यायच्या आत. मला वाटलं चप्पल तुटली आसंल.”

मी खाली गोधडीवर बसले.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. ह्यांची पट्टी, कंपास, पकडी, सगळं पाटावर मांडायचं. त्या वर्षी मीच हौसेने म्हटलं होतं, घरात आख्खी युद्धनौका आहे, तिलाही फूल वाहू. पण शस्त्राची पूजा करायची आणि वर धूळ? हे हार आणायला गेले होते. मी ओल्या फडक्याने जहाज पुसलं, उचललं, आणि मागचं टोक टेबलाच्या कडेला आपटलं. चार पंखे फरशीवर टणटण उडाले. लताबाईने फेविक्विक आणलं, मी चारही चिकटवले. चारही सारखेच तर होते. मग टोक भिंतीकडे करून जहाज ठेवलं, हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं. ह्यांना काही कळलं नाही याचा मला कोण अभिमान वाटला होता!

मी ते विसरले नव्हते. गोष्ट एवढीशी होती, की ती मी कधी चुकीत धरलीच नव्हती.

मग मी नकाशा उघडला. पहिल्यांदाच. पंखे उलटे होते. चारही.

म्हणजे त्या दिवशी ह्यांनी वाकून बघितलं ते पांढरे डाग. आणि मग माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत लाज नव्हती. लाज समजून मी दोन वर्षं ती नजर उराशी धरली, आणि हे नुसतं बघत होते की मला कळलं का. मला कळलं नाही हे दिसल्यावर म्हणाले, “चुकलंच माझं.”

मला रडू यायला हवं होतं. मला आधी संताप आला. खोलीत मी त्यांच्या रिकाम्या खुर्चीला मोठ्याने बोलले. “तिथल्या तिथे बोलायचं होतं! घरी येऊन चार शब्द ऐकवायचे होते! आठ महिने माझ्यासमोर बसून वरणभात जेवलात आणि एक अक्षर काढलं नाहीत? मला एवढं नाजूक समजलात?” लताबाई बिचारी स्वयंपाकघरात गेली. रडू नंतर आलं, आणि बराच वेळ आलं.

संध्याकाळी लताबाई म्हणाली, “ताई, काढून सरळ करून टाका ना. कोणाला कळतंय?” मी कटरचं पातं पंख्याच्या बुडाशी टेकवलंही होतं. एक दाब दिला असता तर निघाला असता. मी पातं खाली ठेवलं.

प्रदर्शनाच्या दिवशी सगळे गोळा झाले. यशश्री पुण्याहून आली होती, तिने आणि तिच्या नवऱ्याने जहाज उचलून आणलं. प्रत्येक मॉडेलपुढे एक कार्ड ठेवायचं असतं, नाव, प्रमाण, बनवणारा. मी माझं कार्ड घरूनच लिहून आणलं होतं.

मयुरेश शेवटी आला. पुढचे केस गेले होते. माझ्या पाया पडायला वाकला तसे मी पाय मागे घेतले. “काकू, काय काम केलंय!” तो म्हणाला. दोऱ्यांकडे बराच वेळ बघत राहिला. मागच्या टोकाकडे तो जातच नव्हता. मीच म्हटलं, “टॉर्च मार की. लाजतोस कशाला?”

त्याने टॉर्च मारला नाही. त्याची नजर कार्डावर गेली आणि तिथेच थांबली.

“वाच,” मी म्हटलं.

“काकू, राहू दे.”

“माईक घे आणि वाच. तेव्हा जीभ कशी चुरूचुरू चालली होती!”

तो हळूच, फक्त मला ऐकू येईल असं बोलला. “मला डाग तेव्हाच दिसला होता, काकू. फेविक्विकला हात लावायचा नाही हे काकांनी मला पहिल्या दिवशी शिकवलं होतं. हे काम त्यांचं नाही, हे मला कळलं होतं. तरी बोललो. हातात माईक होता.”

हेच ऐकायला मी वर्षभर कोपरं टेबलावर घासली होती. शब्द माझ्या मनातल्यापेक्षाही चांगले होते, आणि त्याच्या कपाळावर खरंच घाम होता. मला त्यातलं काहीही गोड लागलं नाही. पण सोडूनही द्यायचं नव्हतं. म्हटलं, “हेही माईकवर सांग. आणि मग कार्ड वाच.”

त्याने सांगितलं. सगळं, जसंच्या तसं. मग कार्ड वाचलं. “यामातो. बांधणी: दिवाकर. दोऱ्या, कठडे, रंग: उत्तरा. पंखे पाडले आणि उलटे चिकटवले: उत्तरा.”

मी वाट बघत उभी राहिले. त्या दिवशी हसलेली बहुतेक माणसं तिथे होती, टेबलावर थाप मारणारासुद्धा. सगळे खाली बघत होते, कोणी रुमाल काढत होतं. मला त्यांची कीव नको होती. ह्यांच्या वाट्याला जे आलं होतं ते माझं होतं, आणि मला ते हवं होतं.

“तो विनोद सांग,” मी मयुरेशला म्हटलं. “तेव्हाचा.”

त्याने नाही म्हणून मान हलवली. डोळे भरून आले होते त्याचे.

मग मीच त्याच्या हातून माईक घेतला. म्हटलं, “हे जहाज लढाईला निघालं तर मागे मागे घरी येईल.” थांबले. पुन्हा एकदा म्हटलं, जरा मोठ्याने.

कोणीही हसलं नाही.