पाळणा न झालेला खांब

सकाळचा उजेड या पत्र्याच्या शेडमध्ये एकदम शिरत नाही. आधी तो जाळीच्या वरच्या तारांवर थबकतो, परक्या घरी आलेल्या माणसासारखा. मग हळूच खाली उतरतो आणि फरशीवर जाळीच्या सावलीची चौकटीचौकटींची चादर अंथरतो. एका मोडक्या दाराची बिजागरी उजळते. कोपऱ्यातला भुसा क्षणभर पिठासारखा मऊ दिसतो. सर्वांत शेवटी तो माझ्यापाशी येतो आणि माझ्या कापलेल्या टोकावर टेकतो. मधले लाकूड फिकट पिवळे. पण कडेला एक हिरवट पट्टा उमटतो. त्या पट्ट्याला मी आयुष्यभर एकच नाव देत आलो : माझी पाने.

मित्रांनो, मी एके काळी विजेचा खांब होतो. आज मी अर्धाच बांधलेला पाळणा आहे, आणि माझ्या अंगावर लाल रंगाची फुली आहे. हे कसे झाले, ते मला रागानेच सांगावे लागेल.

डोंगरउतारावर मी सरळ वाढलो, हाच माझा अपराध. सरळ झाडाला कुऱ्हाड आधी शोधते. मला सोलले, वाळवले आणि लांबलचक लोखंडी टाकीत ढकलले. दार बंद झाले. माझ्यातली हवा ओढून घेतली गेली आणि तिच्या जागी तांब्याचे आणि सोमल या विषाचे क्षार मिसळलेले पाणी प्रचंड दाबाने आत घुसले. मला कोणी विचारले नाही. बाहेर आलो तेव्हा मी हिरवट झालो होतो. मला वाटले, पानांनीच आत परतून आसरा घेतला.

एका कामगाराने माझ्या अंगावर पत्र्याची चकती ठोकली. रसायन पाजलेले लाकूड, अशी ती खूण. मग मी एका वळणावर उभा राहिलो. तारा पेलल्या, वादळे सोसली. शेजारचे कुंपण वाळवीने पोखरून टाकले. माझ्या पायाशी आलेली वाळवी मात्र मुकाट परत गेली. वायरमन माझ्यावर थाप मारून म्हणायचा, “गडी पक्का आहे!” त्या एका वाक्यावर मी कित्येक वर्षे ताठ उभा राहिलो.

पुढे सिमेंटचे खांब आले. मला उपटून या भंगार लाकडाच्या वखारीत आणून टाकले. इथे दोन ढीग असायला हवेत : साध्या लाकडाचा एक आणि आम्हा रसायन पाजलेल्यांचा दुसरा. लाकडे निवडणाऱ्या मावशींनी मला दुसऱ्या ढिगाकडे ओढले, तोच मालक ओरडला, “मावशी, तो इकडे आणा. चकती काढा आणि रंधा मारा.”

“अहो, औषध पाजलेलं लाकूड आहे ते.”

“रंधा मारला की सगळी सारखीच. न्हाव्याकडून बाहेर पडलेल्याची दाढी ओळखता येते का तुम्हाला?”

स्वतःच्याच विनोदावर तो खो खो हसला. माझी खूण खिळ्यांसकट उपटली गेली, माझ्या फळ्या झाल्या, आणि मी ‘साधे लाकूड’ म्हणून विकला गेलो.

मला नेले एका निवृत्त ट्रकड्रायव्हरने. त्याच्या मुलीला दिवस गेले होते आणि बाळाचा पाळणा स्वतःच्या हाताने करायचा, असे त्याने मनाशी ठरवले होते. मित्रांनो, तो आनंद मी काय सांगू! तारा पेलणारा मी, आता एक जीव पेलणार होतो. तो खोकत खोकत मला घासायचा आणि मी मनातल्या मनात झुलायचा सराव करायचो.

एका सकाळी मुलगी दारात येऊन उभी राहिली.

“बाबा, कडेला हे हिरवं काय आहे?”

“अगं, लाकूड अजून जिवंत आहे! आणि मालक म्हणाला, याला जन्मात वाळवी लागायची नाही.”

“का नाही लागणार?”

“म्हणजे काय? चांगलं आहे म्हणून!”

तिने पोटावर हात ठेवला. मग हळूच म्हणाली, “बाबा, दात येताना पोरं पाळण्याच्या कडा चावतात. वाळवीसुद्धा ज्याला तोंड लावत नाही, त्याला माझ्या बाळानं लावायचं?”

म्हाताऱ्याने पॉलिशपेपर खाली ठेवला.

त्याच दिवशी तो मला खांद्यावर घेऊन वखारीत आला. मालक म्हणाला, “पाळणा करा, असं मी सांगितलं होतं का?” मावशींनी कपाटाच्या वर जपून ठेवलेली माझी चकती काढली आणि म्हाताऱ्याच्या तळहातावर ठेवली. फाटकाशी लाकडाच्या भुग्याने भरलेला ट्रक सुरू होता.

“कुठे चाललाय रे हा भुगा?” म्हाताऱ्याने ट्रकच्या ड्रायव्हरला विचारले.

“कोंबड्यांच्या शेडमध्ये अंथरायला, उस्ताद.”

“कशाकशाचा आहे हा, माहीत आहे? चावी काढ.”

“उस्ताद, मालक बोंबलेल.”

“बोंबलू दे. गाडी चालवायला मी शिकवलं ना तुला? मग थांबवायलाही मीच शिकवतो.”

चावी निघाली. म्हातारा मला फाटकात आडवा ठेवून माझ्यावरच बसला आणि ढीग वेगळे होईपर्यंत उठला नाही. पुन्हा एकदा मी कुणाचे तरी वजन पेलले. पण ते बाळाचे नव्हते.

तेव्हापासून आम्ही रसायन पाजलेले, लाल फुली मारून वेगळे केलेले, या जाळीत आहोत. आमच्यातले धडधाकट खांब रस्त्याकडेच्या कठड्यांना जातील, उरलेले आमचा धूर अडवणाऱ्या खास भट्टीच्या कारखान्यात. आम्हाला चुलीत घालू नका. आमचा धूरही वाईट आणि राखही वाईट. आमचा भुगा जनावरांखाली अंथरू नका. आणि आमच्या अंगावरची खूण पुसू नका. विष आम्ही मागितले नव्हते. ते पाजणाऱ्याने आणि लपवणाऱ्याने निदान आमचे खरे नाव तरी सांगावे!

मुलीवरही मी फार दिवस चिडून होतो. मी लाकूड आहे, माझी पाने माझ्यात आहेत, असे तिला ओरडून सांगावेसे वाटे.

आता उजेड पुन्हा माझ्या टोकावर आला आहे. समोर नुकतीच तोडलेली एक ओली फांदी पडली आहे. तिच्या पानांचा हिरवा मी कितीतरी वेळ पाहत राहिलो, आणि मग माझा पाहिला.

तो रंग पानांचा नव्हता.